आर्नफिनची मोटरवाली चक्की

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या स्त्योर्दाल खोऱ्याच्या वरच्या अंगाला सात घरांची एक वाडी आहे. तिथं कुणालाही आर्नफिनबद्दल विचारा, "हुशार माणूस" असं उत्तर येतं, आणि उत्तर देणारा लगेच घड्याळ बघतो. हे तो मुद्दाम करत नाही. आर्नफिनचं नाव निघालं की आपल्याला कुठंतरी जायचं होतं, असं माणसाला आपोआप आठवतं.

एकतीस वर्षं या गृहस्थानं वीज कंपनीत लोकांच्या घरचे मीटर तपासले. मीटर बघायला पाच मिनिटं लागतात. आर्नफिनला दोन तास लागायचे. त्या घरातला फ्रीज चुकीच्या भिंतीला का लावला आहे, पाणी तापवायची टाकी कुठं असायला हवी होती आणि घर बांधणाऱ्याच्या आजोबांचं कुठं चुकलं, हे सगळं सांगितल्याशिवाय तो बूट घालायचा नाही. तो निवृत्त झाला तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून तीन थरांचा केक आणला. इतका मोठा केक तिथं कुणाच्याच निरोपाला आला नव्हता. आर्नफिन हे अजूनही छाती फुगवून सांगतो.

निवृत्तीनंतर सुधारायला घर तेवढं उरलं. बर्फ लोटायच्या फावड्याला त्यानं चाकं बसवली, ती बर्फात रुतली. पाखरांच्या दाण्याच्या डब्याला आपोआप मिटणारी झडप लावली, पाखरं शेजारच्या सिवर्टकडे जाऊ लागली. दाराची घंटा दाबली की बैठकीत हिरवा दिवाही लागावा अशी सोय केली. आता घंटा वाजत नाही, नुसता दिवा लागतो, आणि बाहेरचा माणूस कुडकुडत उभा राहतो. त्याची बायको गुनवोर हिनं जन्मभर वाचनालयात काम केलं, त्यामुळे शांत बसणं तिच्या अंगवळणी पडलं आहे. ती दिव्यावर एक डोळा ठेवून विणत बसते. नवऱ्याचा एक मुद्दा संपेपर्यंत तिच्या मोज्याची टाच विणून होते.

कुठलीही गोष्ट सांगायची झाली की आर्नफिन "मुळात काय आहे" इथून सुरुवात करतो. मुळाशी पोचायला त्याला अर्धा तास लागतो, आणि तिथून वर यायला तेवढाच.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. माणसाला काहीतरी नाद हवाच. पण आर्नफिनच्या जिवाला खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते दर डिसेंबरात उसळायचं.

वाडीतल्या सात घरांचं ओढ्याकाठी एक सामाईक माल्टघर आहे. पानगळ सुरू झाली की एकेका घराची पाळी लागते. जवाची पोती ओढ्यात भिजत घालायची, मग ती जमिनीवर पसरून मोड येऊ द्यायचे, आणि मोड आले की लाकडी जाळीवर टाकून खालून ओढ्याकाठच्या आल्डर झाडाच्या लाकडांचा धूर द्यायचा. दोन दिवस माणसाचे डोळे लाल, कपड्यांना जळका वास. हा झाला माल्ट. तो भरडून प्रत्येक जण आपापल्या घरी नाताळची बिअर करतो, आणि नाताळाच्या आधीच्या आठवड्यात सगळे मिळून रोज एका घरी ती चाखायला जातात. दुपारी तीनलाच अंधारून येतं, तेव्हा पाचला बैठक बसते.

या फेरीचे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत, पण मोडतही कुणी नाही. पहिला पेला यजमान भरतो. तो प्रत्येकानं संपवायचाच, आत भांडी धुतलेलं पाणी असलं तरी. दुसरा मात्र पाहुण्यानं आपण होऊन पुढं करायचा. बिअर बरी की वाईट, यावर तोंडानं चकार शब्द काढायचा नाही. बरी असेल तर पेले पुढं येतात. नसेल तर पाहुणा खिडकीबाहेर बघून म्हणतो, "हो. बिअर आहे." आणि मेंढ्या बघायच्या राहिल्यात म्हणून उठतो.

आर्नफिनच्या बापाच्या वेळी याच घरात चौथ्या पेल्यापर्यंत मजल जायची. बापाला जाऊन बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत आर्नफिनच्या घरी कुणीही, एकदाही, दुसरा पेला पुढं केला नव्हता. मेंढ्या तेवढ्या भरपूर बघितल्या गेल्या. उठून जाणाऱ्यांपैकी तिघांकडे तर मेंढ्या नव्हत्याच.

हे त्याला फार लागायचं. वरून तो बोलून दाखवायचा नाही, म्हणजे बाकी सगळं बोलायचा, फक्त एवढंच नाही. पाहुणे गेल्यावर तो टेबलावरचे सात रिकामे पेले बघत उभा राहायचा आणि जानेवारीपासून सुधारणेला लागायचा. पाणी बदललं. यीस्ट बदललं. उष्णता मोजायला एकाऐवजी तीन तापमापक लावले, तिन्ही वेगवेगळे आकडे दाखवू लागले, मग त्यांची सरासरी काढायची वही केली. बावीस वर्षांत बिअरमध्ये जे जे बदलता येतं ते सगळं त्यानं बदलून पाहिलं. उरलं एकच, भरडणं.

माल्ट भरडायची चक्की बोरगिलच्या पडवीत होती. बोरगिल म्हणजे वाडीतली सगळ्यांत जुनी भागीदार, ब्याऐंशी वर्षांची विधवा, आणि बिअर अशी करायची की तिच्याकडे पेले मोजायची पद्धतच नव्हती. तिच्या सासऱ्याच्या काळची ती हातचक्की, दोन लोखंडी रूळ आणि एक दांडा. सगळे आपापली पोती घेऊन जमायचे, पाळीपाळीनं दांडा फिरवायचे, कॉफी प्यायचे, आणि दिवस मजेत जायचा. आर्नफिनचं पोतं नेहमी शेवटी असायचं. ते आलं की एरवी दमलेल्या माणसांच्या हातात कुठून कोण जाणे बळ यायचं, आणि दांडा असा गरागरा फिरायचा की दहा मिनिटांत पोतं रिकामं.

"बोरगिल, तुझ्या चक्कीतच दोष आहे," त्या वर्षी आर्नफिन म्हणाला. "मुळात तुझे रूळ झिजलेत."

"माझे गुडघेही झिजलेत. फिरव तू."

"माझं पोतं येईपर्यंत ते तापतात. तापले की फुगतात. फुगले की भरड बारीक होते."

"बारीक तर बारीक. तुला दात आहेत ना अजून?"

"चेष्टा नाही करत मी. मोटर लावली तर अख्खं काम दहा-बारा मिनिटांत होईल. सगळ्या पोत्यांचं!"

"आणि मग उरलेला दिवस काय करायचं?"

"अगं, वेळ वाचेल!"

"तुझा की आमचा?" बोरगिल म्हणाली आणि कॉफीची किटली आणायला आत गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं गुनवोरला जाहीर केलं की तो चक्की बांधणार. गुनवोर म्हणाली, "बरं." तिनं नवीन मोजा सुरू केला.

दहा-बारा मिनिटांत होणाऱ्या त्या कामासाठी आर्नफिनला तेरा महिने लागले. मोटर मिळाली भंगारातल्या सिमेंट कालवायच्या यंत्राची. दाणे ओतायचं नरसाळं म्हणून दुधाचा जुना कॅन बूड कापून उलटा बसवला. रूळ त्यानं ट्रॅक्टरच्या पोलादी दांड्यातून कातून घेतले आणि त्यांच्यावर स्वतः कानशीनं खाचा पाडल्या. एकेका रुळावर एकशेवीस खाचा. फेब्रुवारी महिना त्या किरकिरीत गेला, आणि गुनवोरनं वाचनालयातल्या जुन्या मैत्रिणींना भेटायचं प्रमाण वाढवलं.

मार्चमध्ये पहिली चाचणी झाली. मोटरला पुली न लावताच त्यानं थेट रूळ जोडले होते. मोटर मिनिटाला चौदाशे फेरे घ्यायची. बटण दाबल्यावर चार सेकंदांत अर्धं पोतं संपलं आणि पडवीत पिठाचा असा ढग उठला की आर्नफिन आत आहे की बाहेर ते कळेना. माल्ट भरडायचा असतो, दाणा फुटायला हवा आणि टरफल शाबूत राहायला हवं. टरफलांच्या थरातूनच तर पुढं रस गाळून निघतो. याचं झालं होतं पीठ. तरी त्यानं ते वाया घालवलं नाही, गरम पाण्यात कालवलं. खाली नळ उघडला तर थेंब निघेना. भांड्यात चिकट खळ झाली होती. भिंतीला कागद चिकटवायला ती फार छान होती, आणि गुनवोरनं त्या खळीनं वरच्या खोलीचा एक कोपरा चिकटवूनही घेतला.

मे महिन्यात पुली आणि पट्टा लागला. आता रूळ सावकाश फिरू लागले, पण त्यांच्यातली फट जास्त झाली, आणि दाणे वरून जसे पडले तसे खालून आले. आर्नफिननं ते तीनदा फिरवले. तिन्ही वेळा तेच दाणे, तसेच टवटवीत, थोडे गरम झालेले. ऑगस्टमध्ये त्यानं तारा उलट्या जोडल्या आणि चक्कीनं दाणे गिळायच्या ऐवजी वर फेकायला सुरुवात केली. सिवर्ट कुंपणापलीकडून बघत होता. सिवर्ट महिन्यातून तीन वाक्यं बोलणारा माणूस. त्यानं त्या महिन्यातलं एक खर्ची घातलं.

"पेरणी चालू आहे का?"

फटीचा प्रश्न शेवटी गुनवोरच्या वाचनालयाच्या कार्डानं सुटला. ते कार्ड रुळांमध्ये सरकवून त्याच्या जाडीला थोडी ढील दिली की भरड नेमकी येते, असं आर्नफिनला दिसलं. नोव्हेंबरात त्यानं मूठभर भरड बशीत घेतली, टरफलं वेगळी केली, भिंगातून पाहिली. एकूण एक शाबूत. त्याचे डोळे खरंच भरून आले. हा माणूस चक्रम होता, पण त्या क्षणाचा त्याचा आनंद खोटा नव्हता. यंदा दुसरा पेला पुढं येणार, याबद्दल त्याची खात्री पटली.

दोष एकच राहिला, आवाज. चक्की सुरू झाली की पत्र्याच्या पिंपात दगड घालून कुणी ते डोंगरावरून सोडून द्यावं तसा खडखडाट व्हायचा. खिडक्यांची तावदानं थरथरायची. सिवर्टच्या मेंढ्या रानाच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या. पण तेरा महिन्यांनी मूल झालेल्या बापाला त्याच्या रडण्याचं काय!

डिसेंबरात मंडळी आली. बूट काढून, लोकरी मोजे घालून बैठकीत ओळीनं बसली. हातात पहिला पेला. शेजारच्या पडवीचं दार आर्नफिननं सताड उघडं ठेवलं होतं आणि आत नवी चक्की, घासूनपुसून लख्ख. प्रात्यक्षिकासाठी त्यानं मुद्दाम दीड पोतं माल्ट राखून ठेवला होता.

"मुळात काय आहे," त्यानं सुरुवात केली, "रूळ आणि दाणा यांचा संबंध..." आणि बटण दाबलं.

पुढं तो एक तास बोलला. पट्टा दाखवला, पुली दाखवली, बोटांनी फट दाखवली, हवेत आकडे लिहिले, मध्येच कार्ड वर करून मिरवलं. ओठ हलत होते, भुवया वरखाली होत होत्या, पण त्यातला एक शब्दही बैठकीपर्यंत पोचत नव्हता. मंडळींनी थोडा वेळ माना डोलावल्या. मग दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे ती पेल्याकडे वळली. पहिल्यांदाच निवांतपणे, घोट घोट. सिवर्टनं एक घोट घेतला, पेल्यात बघितलं, आणखी एक घेतला. मग तो रिकामा पेला त्यानं गुनवोरपुढं धरला.

आर्नफिननं ते पडवीतून पाहिलं. हात हवेतच राहिला त्याचा. पाठोपाठ बोरगिलचा पेला पुढं आला, मग बाकीच्यांचे. सिवर्टनं तिसरा घेतला. दीड पोतं संपलं तरी आर्नफिननं चक्की बंद केली नाही, रिकामी फिरवत ठेवली आणि बोलत राहिला. मंडळी आठ वाजेपर्यंत हलली नाहीत. जाताना सिवर्टनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्या घरात बापानंतर खांद्यावर थाप कुणालाच मिळाली नव्हती.

मग काय विचारता! पुढचं वर्षभर आर्नफिनचे पाय जमिनीला लागले नाहीत. पोस्टाच्या बाईला, रस्ता साफ करणाऱ्याला, चर्चच्या दारात पाद्र्याला, सगळ्यांना त्यानं भरडीचं महत्त्व पटवून दिलं. बोरगिलला तो म्हणाला, "तुझी हातचक्की आता संग्रहालयात द्यायला हरकत नाही."

"दे की. शेजारी मलाही बसव. दोघींना एकच पाटी पुरेल."

खरं तर इथं थांबायचं होतं. पण थांबणं हे आर्नफिनच्या रक्तात नाही. चक्की उत्तम होती, बिअर उत्तम होती, उरला होता तो आवाज, आणि एवढा एक दोष आर्नफिनला झोपेत टोचत होता. त्यानं मोटरखाली जाड रबर घातलं. बेअरिंग बदलली. सगळ्या यंत्राभोवती लाकडी खोकं केलं आणि आतून मेंढीच्या लोकरीचं अस्तर दिलं. ऑक्टोबरात चक्की सुरू केली तर ती मांजरासारखी नुसती घुरघुरत होती. शेजारच्या खोलीतली गुनवोरची सुई पडली तर ऐकू आली असती.

"कशी वाटते?" त्यानं विचारलं.

"शांत," गुनवोर म्हणाली. ती बराच वेळ त्या खोक्याकडे बघत होती. "आर्नफिन, आवाज होता तो वाईट नव्हता रे."

"काहीतरीच! प्रगती म्हणतात याला."

डिसेंबर आला. तीच मंडळी, तेच मोजे, तीच बिअर. माल्ट तोच, पाणी तेच, फट कार्डानं मापलेली. चक्की घुरघुरू लागली आणि आर्नफिन बोलू लागला. या वेळी त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. रबराचे प्रकार. लोकरीचे गुण. मांजर का घुरघुरतं आणि त्याचा बेअरिंगशी काय संबंध. सिवर्टनं पहिला पेला चार घोटांत संपवला. तो खिडकीबाहेर बघून म्हणाला, "हो. बिअर आहे." आणि मेंढ्या बघायला उठला. साडेपाच वाजता बैठक रिकामी झाली होती.

आर्नफिन टेबलाशी उभा राहिला. सात रिकामे पेले. एकदा मिळून गेल्यावर जे हातचं जातं, त्याचा घाव आधीच्या बावीस वर्षांहून खोल होता. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अख्खी चक्की सुटी करून पडवीत वर्तमानपत्रावर मांडली आणि एकेक तुकडा मापायला बसला. दुपारपर्यंत त्याला कारण सापडलं. एक रूळ केसाच्या दहाव्या भागाइतका झिजला होता.

गुनवोरनं विणकाम बाजूला ठेवलं. हे ती सहसा करत नाही.

"चक्कीला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"झालंय. हे बघ, इथं..."

"आर्नफिन, गेल्या वर्षी तू काय सांगत होतास ते कुणाला ऐकू आलं नाही. यंदा आलं. एवढाच फरक आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, तेव्हा तो हसला. "म्हणजे मी बोलतो म्हणून लोक पीत नाहीत? असं असतं होय? दुसरा पेला घ्यायचा म्हणजे फक्त..."

"दुसरा पेला घ्यायचा म्हणजे आणखी तासभर बसायचं. आणि बसायचं म्हणजे ऐकायचं."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"इथं कोण कुणाला सांगतं?"

"तू?"

"मी सुरुवात केली होती," ती म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी. तू मध्येच मुद्दा काढलास."

आर्नफिनला हे मान्य होणं शक्य नव्हतं. मोजमाप न करता तो काही मानत नाही. तेव्हा त्यानं स्वतःच प्रयोग सुचवला, आणि गुनवोरनं त्याला थोडं वळण दिलं. संध्याकाळी फेरी बोरगिलकडे होती. आपली एक घागर आधीच तिच्याकडे पोचवायची, आणि तिनं ती आपल्या दोन घागरींनंतर, कुणाची ते न सांगता, ओतायची. बिअर वाईट असेल तर मंडळी उठतील, आणि मग रूळ झिजला हे सिद्ध.

"एकच अट," गुनवोर म्हणाली. "तू तोंड उघडायचं नाहीस."

"किती वेळ?"

"लोक उठेपर्यंत."

विज्ञानासाठी माणसं काय काय सोसतात. आर्नफिननं मान डोलावली.

बोरगिलच्या बैठकीत टेबलावर पापडासारखी पातळ भाकरी, सुकवलेल्या मटणाचे काप आणि लोणी होतं. मंडळी खुशीत होती. आर्नफिन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिला. एकानं मोटारीचं इंजिन थंडीत सुरू होत नसल्याचं गाऱ्हाणं काढलं, तेव्हा त्याच्या ओठांवर "मुळात" आलं आणि त्यानं ते घोटाबरोबर गिळलं. सिवर्टनं दोनदा त्याच्याकडे पाहिलं.

"बरं नाही का याला?" त्यानं गुनवोरला विचारलं.

"बरा आहे."

तिसरी घागर आली. बोरगिलनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना ओतली, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. आर्नफिन सिवर्टच्या तोंडाकडे बघत राहिला. सिवर्टनं घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला, आणि भाकरीचा तुकडा न खाता परत खाली ठेवला. पेला संपला तसा त्यानं पुढं केला. बाकीचेही सरसावले. पुन्हा ओतलं गेलं, पुन्हा पेले पुढं आले. दीड तास झाला, कुणाला मेंढी आठवली नाही.

"बोरगिल," सिवर्ट म्हणाला, "ही आतापर्यंतची सगळ्यांत चांगली. यंदा काय केलंस तू?"

बिअर चांगली होती. आर्नफिनच्या छातीत आनंदाची उकळी फुटली, आणि ती फुटता फुटताच गार पडली. कारण बिअर चांगली होती तर ती कालही चांगली होती. गेल्या वर्षीही. कदाचित त्याच्या आधीचीही. त्या सगळ्या वर्षांचं पाणी, यीस्ट, तीन तापमापक आणि सरासरीची वही. वाईट काय होतं ते आता एकच उरलं होतं, आणि ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलं होतं. त्याला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण बाहेर जायला कारण सांगावं लागलं असतं.

"मी काही केलं नाही," बोरगिल म्हणाली. खोटं बोलणं तिला या वयात कंटाळवाणं वाटायचं. "ही माझी नाहीच."

"मग कुणाची?"

बोरगिलनं टेबलावरचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली. गुनवोर हातातल्या पेल्याकडे बघत होती. आर्नफिननं घसा खाकरला. लोक अजून उठले नव्हते, म्हणजे अट मोडत होती, पण त्याला राहवलं नाही.

"माझी," तो म्हणाला.

मग सिवर्टनं हात लांब करून घागर स्वतःकडे ओढली, आपला पेला काठोकाठ भरला आणि घागर पुढं सरकवली. पुढच्यानं भरला, त्याच्या पुढच्यानं भरला, घाईघाईनं, थोडी टेबलावर सांडत. सगळ्यांचे पेले भरले गेले तेव्हा सिवर्टनं पाठ खुर्चीला टेकवली आणि पाय लांब केले.

"हं," तो म्हणाला. "आता सांग."

सगळ्यांचे चेहरे आर्नफिनकडे वळले. डोळे किंचित मोठे, जबडे घट्ट, मान एका बाजूला, हातात भरलेला पेला. हा चेहरा आर्नफिनच्या चांगला ओळखीचा होता. चोवीस वर्षं स्वतःच्या बैठकीत तो हाच चेहरा बघत आला होता. त्याला वाटायचं, मंडळी मन लावून ऐकताहेत.

"सांगण्यासारखं काही नाही," आर्नफिन म्हणाला.

कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. सगळे बराच वेळ तसेच, पेले धरून, वाट बघत बसले.